मशीनच्या तेलाची बाटली

भिंगारात माझी ख्याती अशी, की सुमनच्या पोटात काही राहत नाही. जे असेल ते तोंडावर. ब्लाऊज बिघडलं तर ‘मीच बिघडवलं’ म्हणून कबूल करणारी शिवणवाली तुम्ही कुठं पाहिलीय? ती मी. तर अशा फटकळ बाईच्या पोटात एक गोष्ट वर्षानुवर्षं बसून आहे, हे कुणाला खरं वाटेल का? आमच्या ह्यांना माहीत नाही, मुलीला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला नाही. कितीदा तोंडाशी आली — आणि गिळली. आज सांगते. का सांगते ते विचारू नका, मला धड सांगता येणार नाही.

गाडीपासून सुरुवात करते. नाही — आण्णांपासून. ते दोन वेगळे नव्हतेच म्हणा.

आण्णा म्हणजे माझे सासरे. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. कॅम्पातला एक साहेब बदलून जाताना आपली बंद पडलेली मोटार चिंचेखाली सोडून गेला, ती आण्णांनी मागून घेतली आणि ट्रॅक्टरला दोर बांधून घरी ओढत आणली. विलायती गाडी. हिरवी. दोनच माणसं बसतील एवढी, वर छप्पर नाही, नाक हे एवढं लांब, चाकांना सायकलीसारख्या तारा. आण्णा तिला शर्यतीची गाडी म्हणायचे. आण्णांचे वडील त्याच कॅम्पात साहेबांच्या घोड्यांना गवत घालत. म्हणून ती आमच्या दारात उभी राहिली त्या दिवशी आण्णा जेवलेच नाहीत, ओट्यावर बसून नुसते बघत राहिले, असं सासूबाई सांगायच्या.

मी लग्न होऊन आले तोवर आण्णा रिटायर झालेले. हे नागापूरला कंपनीत पाळ्या करायचे, ह्यांना त्या गाडीचा राग. ‘भंगार’ म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर ती चालायची कमी आणि उघडलेली असायची जास्त. तिचे नट इंची मापाचे, बाजारातला एक पाना बसेल तर शपथ. आण्णांचे पाने वेगळे, मेणकापडात गुंडाळलेले, त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पंख्याचा पट्टा तुटला तर पिठाच्या गिरणीवाल्याकडून जुना पट्टा आणून, कापून, जोडून घालायचे. पार्ट मिळतो कुठं? मिळतच नाही. मग बनवायचा.

घरात दुसरं कोणी हाताखाली यायचं नाही म्हणून मी जायला लागले. शिवणकामाचा हात होता, बारीक काम जमायचं. तिला दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी खोकते. ती हवा मोजायची कशी? आण्णा रबरी नळीचं एक टोक कानात घालायचे आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे. मग नळी माझ्या कानात. ‘ऐक. दोन्हीकडं सारखाच सू येतोय का?’ मी म्हणायचे, डावीकडं जास्त आहे. आण्णा स्क्रू एवढासा फिरवायचे, आणि माझ्याकडं बघून असे हसायचे — काय सांगू, माहेरी मला कुणी इतकं शहाणं समजलं नव्हतं.

त्या गाडीचं कापडी छप्परही मीच शिवलं. मिलिटरीच्या ताडपत्रीचं, दुहेरी टीप घालून. चार सुया मोडल्या.

बघा, मी अजून मुद्द्याला आले नाही. तुमच्या लक्षात आलं असेल.

जयंतीला, चौदा एप्रिलला, आमच्या वस्तीची मिरवणूक निघायची आणि फोटो त्या गाडीत असायचा. दुसऱ्या वस्त्यांचे ट्रॅक्टर, टेम्पो. आमची ही हिरवी गाडी, निळे झेंडे लावलेली, आणि चालवायला पांढऱ्याधोप कपड्यांतले आण्णा. माणसाच्या चालीनं चालवायची, इंजिन तापू द्यायचं नाही, गचका बसू द्यायचा नाही. वर्षभराची सगळी खटपट त्या एका दिवसासाठी. त्या दिवशी आण्णा ज्या ताठ्यानं बसायचे ना — हेसुद्धा ‘भंगार’ म्हणायचे नाहीत.

चौऱ्याण्णव साल. जयंतीला दहा-बारा दिवस होते. आण्णांनी ब्रेक खोलले, साफ केले, परत जोडले. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत पेडलवर, एक खाली चाकापाशी. मी आत. खालून आवाज यायचा — ‘दाब… धर… सोड.’ चारही चाकं झाली. पायापाशी एक फळी होती, ती उचलली की खाली ब्रेकच्या तेलाची डबी. तेल खुणेच्या खाली गेलेलं, आणि आणलेला डबा संपलेला. आण्णा म्हणाले, ‘उद्या नगरातनं नवा डबा आन आन् खुणंपर्यंत भरून ठेव. दुसरं कुठलं तेल घालू नको बरं का, रबर फुगतं.’

सांगितलं होतं. ऐकलं नव्हतं असं नाही, मी म्हणू शकत नाही तसं.

पण जयंतीचे दिवस म्हणजे माझ्या मशीनचे दिवस. लेझीमच्या पोरींचे निळे झगे, बायकांची पांढरी ब्लाऊजं, दारात उभी गिऱ्हाईकं. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आण्णांनी विचारलं, ‘आनलं का गं तेल?’ आणि माझ्या तोंडून निघालं — ‘हो, भरलं पण.’ का निघालं? मला कुणी मारणार होतं का? आण्णा माझ्याशी कधी आवाज चढवून सुद्धा बोलले नव्हते. मी नुसतं ‘राहिलं आण्णा’ म्हणाले असते तर ते सायकल काढून स्वतः गेले असते.

आता मी बोलून बसले होते. आण्णा फळी उचलून बघतील, तेल कमी दिसेल. मी मशीनच्या तेलाची बाटली घेतली — खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, त्यात मी शिलाई मशीनचं तेल ठेवायचे — आणि खुणेपर्यंत ओतलं. दोन्ही पातळ, दोन्ही पिवळट. एवढ्याशा तेलानं काय होतंय, म्हटलं. आणि परत झग्यांना बसले.

जयंतीच्या आदल्या दिवशी आण्णांनी फळी उचलली. मी दारातच काजं करत बसले होते, मला सगळं दिसत होतं. त्यांनी काडी बुडवली, खूण बघितली, काडी पुसली, फळी लावली. बस. एक थेंब वरून घातला नाही. हे लक्षात ठेवा.

जयंतीच्या दिवशी सकाळी म्हणाले, ‘पेडल जरा कडक लागतंय आज.’ मी ऐकलं. तेव्हा तरी बोलायचं! तोंडात टाचण्या होत्या माझ्या, एका पोरीचा झगा अंगावरच आवळत होते. टाचण्या काढून बोलता आलं असतं.

वेशीकडं उतार आहे. पुढं लेझीमच्या पोरी, त्यात आमची प्रज्ञा, नऊ वर्षांची. मी बायकांत, गाडीच्या मागं. गाडी एकदम पुढं सरकली तसं मला आण्णांच्या खांद्यांवरून कळलं. पाय मारताहेत, परत मारताहेत. हातब्रेक ओढला, तो उतारावर पुरला नाही. मग त्यांनी स्टिअरिंग पुरं फिरवलं आणि गाडी लिंबाच्या पारावर घातली. पोरींपासून चार हात. दुसऱ्या कुणाला लागलं नाही. आण्णांचं उजवं मनगट मोडलं. आणि फोटोची काच तडकली.

मनगट धरून बसायचं सोडून आण्णांनी एका हातानं फोटो उचलला, उपरण्यानं पुसला, आणि ढसाढसा रडायला लागले. सगळ्या वस्तीपुढं. मी सासऱ्यांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं.

हे त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. मी कुठं गेले असेन? नगरात, मोटारींच्या सामानाच्या दुकानात. ब्रेकच्या तेलाचा डबा आणला, अर्धा मोरीत ओतला, आणि घरातल्या भिंतीवरच्या फळीवर मशीनच्या तेलाच्या बाटलीशेजारी ठेवून दिला. तिकडं त्यांच्या हाताला प्लास्टर चढत होतं तेव्हा मी इकडं हे करत होते. हात कापत होते का? नाही. मला चांगलं आठवतं, कापत नव्हते.

तिसऱ्या दिवशी आण्णा म्हणाले, ब्रेकचा सिलेंडर खोल, बघू काय झालं. त्यांचा हात गळ्यात, म्हणून पाना माझ्या हातात. स्वतःचे पाने मला दिले त्यांनी. आतलं रबर निघालं ते भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगलेलं. आण्णांनी बोट लावलं, वास घेतला, आणि लगेच ओळखलं. भिंतीवरच्या फळीकडं बघितलं. तिथं अर्धा डबा, शेजारी माझी बाटली.

‘डबा तूच आनला ना, सुमन?’

‘हो.’

त्याआधीच्या सहा महिन्यांत आण्णांचं जरा विसरणं चाललं होतं. चष्मा शोधायचे, तो डोक्यावर. प्रज्ञाला आत्याच्या नावानं हाक मारायचे. म्हातारपणी होतंच की, आम्ही हसायचो, तेही हसायचे. आता हसत नव्हते. मला म्हणाले, ‘आदल्या दिवशी म्या वरून जरा तेल घातलं काय गं? तू हुतीस ना दारात?’

हाच तो क्षण. तेल ओतलं ते आळसानं, डबा आणला तो भीतीनं. पण इथं समोर माणूस माझ्या तोंडाकडं बघत होता. स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मला विचारत होता.

मी म्हणाले, ‘घातलं असेल आण्णा.’

त्यांनी मान हलवली. ‘तुझ्या मशीनचं तेल वतलं गं पोरी म्या. पोरी मेल्या असत्या.’ आणि माझ्यापुढं हात जोडायला गेले, एक हात प्लास्टरमध्ये, तो वर येईना.

त्यानंतर कुणी त्यांना वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. ‘आण्णा, वय झालं आता, आराम करा,’ एवढंच. ह्यांनी गाडीची किल्ली खिळ्यावरून काढून कपाटात टाकली. मग म्हणाले, प्रज्ञाला शाळेत सोडायला आण्णांना पाठवू नकोस. मग, आण्णांना गॅस पेटवू देऊ नकोस. प्रत्येक वेळी मी ‘बरं’ म्हणाले. आण्णाही ‘बरं’ म्हणाले. पुढच्या जयंतीला टेम्पो केला. आण्णा त्याच्या मागून चालत गेले. गाडी पुढं पुण्याच्या कुणीतरी ट्रकवर चढवून नेली, माझं छप्पर तिच्यावरच होतं. आण्णा त्या दिवशी घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसले.

आणि मग ते खरंच विसरायला लागले. आजार होताच का, का मी लावून दिला? मी डॉक्टरला विचारणार काय?

सुरुवातीला मी म्हणाले की हे कुणाला सांगितलं नाही. पूर्ण खरं नाही ते. एकदा सांगितलं — आण्णांनाच. शेवटच्या वर्षी. ओट्यावर ऊन खात बसले होते, डोकं त्या दिवशी स्वच्छ होतं. मी पाय धरले आणि सगळं सांगितलं. तेल, डबा, दारातून पाहिलेली काडी, सगळं. त्यांनी शांतपणानं ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘लई गुनाची हायेस तू. पन माझ्यापायी खोटं बोलू नको, पोरी. म्याच वतलं. तूच तर सांगितलं हुतंस.’

मी परत सांगायला हवं होतं. शपथ घालून, ओरडून. प्रज्ञाला, ह्यांना, साऱ्या वस्तीला समोर बसवून. नाही सांगितलं. तोंड पुसलं आणि चहा टाकायला आत गेले. आणि खरं सांगू? चहा उकळताना मला हलकं वाटत होतं. त्या हलकं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज आहे.

चार महिन्यांनी आण्णा गेले.

ते पारावरचं झाल्यानंतर आण्णांनी घरभर चिठ्ठ्या लावल्या होत्या. डाव्या हातानं लिहिलेल्या, वाकड्या अक्षरांत. गॅसपाशी, दिव्याच्या बटणापाशी, डब्यांवर. स्वतःसाठी. घराला रंग दिला तेव्हा सगळ्या गेल्या. एक राहिलीय, बाटलीवरची. गोंद चांगला लावला होता त्यांनी, वरून चिकटपट्टीही. शाई फिकी झालीय पण वाचता येतं —

‘सुमनच्या मशीनचे तेल. आण्णांनी हात लावू नये.’

मशीन अजून चालू आहे माझं. तेल संपलं की मी त्याच बाटलीत भरते.