घडी होणारं घर

मला लिहायची सवय नाही. रोह्याच्या एका कंपनीत फिटर म्हणून नोकरी झाली. शिफ्ट सुटताना सही करायची, एवढंच माझं लिखाण. भिकू मुकणे या माणसाबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्यांना लिहिता येतं त्यांची त्याच्याशी ओळख नाही, म्हणून मीच बसलो आहे. जमेल तसं सांगतो.

आमच्या निडी गावामागे डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे. भिकू आणि त्याची बायको ठमी तिथली. मूलबाळ नाही. कारवीच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती आणि वर पेंढा, असं त्यांचं घर. जमीन मात्र वाडीतल्या कोणाच्याच नावावर नाही. मालक शहरात राहतो. घर उभं आहे तोवर जागा आपली, असं बापजाद्यांपासून चाललेलं.

दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायची. काळुराम मुकादम ट्रक घेऊन यायचा आणि माणसं वीटभट्ट्यांवर जायची, कोणी पेणकडे, कोणी कर्जतला, कोणी कोळशाच्या कामाला घाटावर. पाऊस तोंडावर आला की सगळी परतायची, कारण भट्टीवरची प्लॅस्टिकची झोपडी पावसात टिकत नाही. आल्या आल्या शाकारणी. आज कान्हूच्या घरावर पेंढा चढवायचा, उद्या जनूच्या, परवा भिकूच्या. जो दुसऱ्याच्या छपरावर चढला, त्याच्या छपरावर सगळी वाडी चढायची. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण कधी मोडलंही नव्हतं.

भिकू काही वर्षं कोलाडच्या बाजूला नदीवरच्या एका कॅम्पवर कामाला होता. शहरातून आलेल्यांना रबरी होड्यांतून फिरवतात, त्या होड्या उचलायचं काम. तिथे एक गोरं जोडपं जीप घेऊन आलं. घर विकून निघालेले, कित्येक वर्षं देशोदेशी एकाच तंबूत राहणारे. इथे बाईला काविळीने गाठलं. दोघांना विमानाने परत जावं लागलं. एका वादळी पावसात भिकूने त्यांच्या तंबूभोवती चर खणून पाणी वळवलं होतं, ते साहेबाच्या लक्षात राहिलं होतं. जाताना तो तंबू त्याने भिकूला दिला.

तंबूच्या आधी मी त्याचा खांब पाहिला. भिकू तो वाकलेला खांब घेऊन माझ्या अंगणात उभा होता.

“काका, एवढा सरळ करून द्या. बाकी सगळा नवा कोरा हाय.”

खांब चांगल्या प्रतीच्या नळीचा होता. मी तो गरम न करता हळूहळू सरळ केला आणि बघायला त्याच्याबरोबर वाडीत गेलो. तंबू उभा राहिला तेव्हा सगळी वाडी गोळा झाली. जाड, मातकट रंगाचं कापड, वर दुसरं छप्पर, खाली शिवलेली जमीन, जाळीच्या खिडक्या. माणूस आत ताठ उभा राहू शकत होता.

कान्हू म्हणजे भिकूचा चुलतभाऊ. तो म्हणाला, “भिक्या, आता दाराशी तिकीट लाव. आत जायला दहा रुपये.”

“तुला वीस. तू घाण पायांनी येतोस.”

“प्रविण बोलला,” भिकू मला सांगत होता. प्रविण म्हणजे कॅम्पचा मॅनेजर. “साहेब ह्याच्यात बर्फात ऱ्हायला, वाळवंटात ऱ्हायला. फाटत नाय, गळत नाय.”

ठमी दारात उभी राहून बघत होती. मी विचारलं, “काय गो, आवडलं का नवं घर?”

“चांगला हाय,” ती म्हणाली. “पन ज्या घराची घडी होते त्यात देव बसत नाय, काका.” तिच्या घरात कोपऱ्यात सासऱ्याच्या वेळचे देव होते, शेंदूर लावलेले. ते तिने जागचे हलवले नाहीत.

त्या दिवाळीनंतर भिकू तंबू घेऊन पेणकडच्या भट्टीवर गेला. थंडीत इतर माणसं कुडकुडली, हे दोघं नाही. मे महिना संपताना सगळी परत निघाली. भट्टीच्या शेठने भिकूला थांबवलं.

“तुला कशाला जायचंय? तुझं घर तर इथंच आहे. पावसात विटांवर लक्ष ठेव. पगार चालू.”

भिकूला ते पटलं. बाजाराला आलेला तो मला पेण स्टेशनवर भेटला तेव्हा खुशीत होता. पावसाळ्यात कातकऱ्याला काम मिळतं कुठे? “शेठ दुसऱ्या कोनाला थांब बोलला नाय, काका. मलाच बोलला.” ठमी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “घर शाकारायचं ऱ्हायलं ना पन.” तो म्हणाला, “फुडल्या साली दुप्पट पेंढा टाकू.”

त्या वर्षी कान्हूने स्वतःहून त्यांच्या छपरावर प्लॅस्टिक टाकलं, दगड ठेवले. घर कसंबसं तरलं.

पुढच्या साली ते घाटावर कोळशाला गेले. तिथून परत येतायेताच काळुरामने त्यांना खाडीकाठच्या एका कोळंबी-तलावावर राखणीला बसवलं. तंबूवाला भिकू ही आता त्याची ओळख झाली होती. जिथे माणूस राहायला तयार नाही तिथे त्याला न्यायचं. झोपडी बांधून द्यायला नको, पाऊस आला म्हणून तो पळणार नाही. बाकीचे मजूर पावसाचं निमित्त सांगून घरी जाऊ शकत होते. भिकूकडे ते निमित्तच उरलं नव्हतं.

ज्येष्ठात ठमी एकटीच निडीला आली. माझ्याकडून शिडी मागून नेली. दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो, तर ती एकटीच पेंढ्याच्या पेंड्या बांधत बसली होती.

“कोणी आलं नाही का गो मदतीला?”

“कोन येल? आमी दोन सालं कोनाच्या छपरावर चढलो नाय.”

कान्हूची बायको पलीकडून म्हणाली, “तसं नाय गो वयनी. आमची घरंच अजून उघडी हायत. तुमचा तंबू हाय ना. तुमाला कसली घाई?”

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. ठमीने दोन दिवस वाट पाहिली. बाई एकटी छप्पर चढवू शकत नाही, आणि मी सत्तरीचा, गुडघे गेलेले. देवांवर एक पत्रा आडवा ठेवून ती तलावावर परत गेली.

आषाढात एका दुपारी मागची भिंत बसली, मग छप्पर खाली आलं. कान्हूने चिखलातून देव काढले आणि आपल्या घरात नेऊन ठेवले. त्याने फोन केला तेव्हा भिकू म्हणाला, “येतो. शेठ सोडत नाय. पानी उतरलं की येतो.” पाणी उतरलं तेव्हा दुसऱ्या भट्टीचा ट्रक आला.

पुढच्या उन्हाळ्यात मालकाने जमीन विकली. घेणाऱ्याला फार्महाऊस बांधायचं होतं. त्याचा सुपरवायझर माणसं घेऊन आला, सिमेंटचे खांब पुरले, तार ओढली. उभी घरं तेवढी तारेबाहेर सोडली. भांडण नको म्हणूनच सोडली असावीत. भिकूच्या जागी मातीचा उंचवटा होता आणि त्यावर टाकळा उगवून वाळला होता. तार त्या जागेच्या अलीकडून गेली, म्हणजे जागा तारेच्या आत गेली.

कळल्यावर भिकू ठमीला घेऊन हातातलं काम टाकून आला. मी तिथेच होतो. त्याने तारेखालून आत शिरून बरोबर त्या उंचवट्यावर तंबू उभा केला. फार नीट उभा केला. सुपरवायझर संध्याकाळी आला. तरुण मुलगा होता, आवाज चढवला नाही.

“काका, हे काढा. आत तंबू लावता येणार नाही.”

“माझी जागा हाय साहेब. घर व्हतं हितं.”

“कुठाय?”

“पडलं.”

कान्हू पुढे झाला. “खरं बोलतो साहेब. आमच्यातलाच हाय. ह्याचा बाप हितंच मेला.”

“असेल. मी कुठे नाही म्हणतोय? पण मला सांगितलंय की घर असेल तर सोडायचं. हा तंबू आहे. आज इथे, उद्या तिथे.” मग त्याने कापडाला हात लावून पाहिलं. “भारी आहे पण. कुठे मिळाला?”

भिकू आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात कोयता होता. सुपरवायझर दोन पावलं मागे सरला, पण भिकूचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने कोयता तंबूच्या भिंतीवर उगारला.

ठमी ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, “फाडू नको. मग झोपायचं कुठं?”

त्याने कोयता खाली ठेवला. दोघांनी मिळून तंबू उतरवला, घडी घातली.

काही महिने ते कान्हूच्या पडवीत राहिले. त्या पावसाळ्यात भिकू वाडीतल्या प्रत्येक छपरावर चढला, न बोलावता. त्याच्यासाठी वाडीने चढावं असं छप्परच उरलं नव्हतं. कान्हूची लेक बाळंतपणाला यायची होती, पडवी लागणार होती. दिवाळीनंतर काळुरामचा ट्रक आला आणि दोघं पुन्हा निघाली. देव कान्हूकडेच राहिले.

गेल्या महिन्यात डोळे दाखवायला मी पेणला गेलो होतो. परतताना बसमधून भट्टीवर तो मातकट तंबू दिसला. फाटलेला नाही, रंग थोडा उडालेला. मी उतरलो.

भिकू भट्टीला कोळसा घालत होता. ठमीने चहा केला. दोघंही म्हातारी दिसू लागली होती, माझ्याएवढी. मी धीर करून म्हणालो, “माझी मागची पडवी रिकामी आहे. पावसाळ्यात या.”

भिकूने ठमीकडे पाहिलं. ती चहा गाळत होती.

“काका, तुमी हाव तोवर ऱ्हाऊ,” ती म्हणाली. “मंग?”

मुलगा वाशीला आहे. घर त्याच्या नावावर केलेलं आहे, त्याला विचारल्याशिवाय मी काय सांगणार? मी चहा संपवून कप खाली ठेवला. भिकू म्हणाला, “बस सात वाजता हाय, मंग नाय,” आणि मला रस्त्यापर्यंत सोडायला उठला.

मुलाला मी अजून विचारलेलं नाही.