बहिणीच्या नावाचा पगार

ती बाई ठाण्याच्या पायरीशी चपला काढून आत आली, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. ठाण्यात चपला काढून येणारी माणसं दोनच प्रकारची असतात. एक फार बेरकी, दुसरी फार भाबडी. ही दुसऱ्यातली होती.

मी तेव्हा मंगरूळपीर तालुक्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. बाई इंझोरीकडची, विधवा, मजुरी करून खाणारी. निराधार योजनेचं मानधन हाच तिचा महिन्याचा भरवशाचा पैसा, आणि तोच बंद झाला होता. तहसीलमध्ये गेली तर तिथला बाबू म्हणाला, ‘‘तुमी तं आयकर विवरण भरता. कंपनीचा पगार घेता. तुमाले कायचं मानधन?’’

‘‘साहेब,’’ बाई मला म्हणाली, ‘‘मी आजवर कंपनी पाह्यली नाही. कोनतरी मेला माह्या नावानं पगार उचलून राह्यला. त्याले पकडा.’’

जमादारानं तिचा तक्रार अर्ज घेतला आणि स्टेशन डायरीला नोंद केली. कंपनीचं नाव तहसीलच्या कागदावर होतं. प्रायव्हेट लिमिटेड, धंदा हळद पावडरचा. संचालक दोन, दोघी बायका. त्यातली एक माझ्यासमोर भिंतीला टेकून उकिडवी बसलेली. खुर्ची दिली तरी ती बसेना.

माझा एक खबऱ्या होता, शेलूबाजारच्या स्टँडवर जीप चालवणारा. त्याला विचारलं. तो हसायलाच लागला. ‘‘साहेब, त्या कंपनीची पाकिटं मीच पोचवतो ना. मालकीण काही कोनं पाह्यली नाही. शाळा सुटली की गुरुजी येतात, रयवारी दिवसभर तथीच असतात. मशीन त्यायचं, गाळा त्यायचा, हिसाब त्यायचाच.’’

कोण गुरुजी, तेही त्यानं सांगितलं. अनुदानित शाळेतले शिक्षक. दुसरी संचालक म्हणजे त्यांची बायको. मी बाईला पुन्हा बोलावलं आणि त्यांचं नाव घेतलं. बाईचा चेहरा पडला.

‘‘थो माहा भाऊ हाय, साहेब. लहाना. मीच कडेवर घेऊन वाढोला त्याले. थो असं नाही करनार.’’

आता थोडं धंद्याबद्दल सांगतो, कारण नोकरी सांभाळून जोडधंदा काढणं यात वाईट काहीच नाही. छोटी कंपनी काढावी, संचालक म्हणून स्वतःला पगार लावावा, तो कंपनीच्या खर्चात दाखवावा, उरलेल्या नफ्यावर कर भरावा. सगळं कायदेशीर. अडचण एवढीच की अनुदानित शाळेतल्या मास्तराला असला धंदा करता येत नाही. शिवाय कंपनीला किमान दोन संचालक लागतात, आणि सगळी कमाई एकट्या बायकोच्या नावावर दाखवली की कर जास्त बसतो. मग दुसरं नाव कुणाचं घालायचं? न वाचता सही करणारं माणूस हवं. आपल्याकडे असं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. ते दरवर्षी दिवाळीला आपणहून घरी येतं.

बाईला खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाप गेल्यावर तिनं शेताचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. सगळ्याच बहिणी देतात. न देणारीला माहेरी पाण्याचा तांब्यासुद्धा तोंड वाकडं करून मिळतो. पुढं एका भाऊबीजेला ओवाळून झालं आणि भावानं कागद काढले. ‘शेताच्या कागदाचं थोडं राह्यलं होतं’ म्हणाला. हिनं सह्या केल्या, आधार कार्ड दिलं, फोटो दिला. ‘मोबाईलकडं पाहून नाव सांग’ म्हणाला, तर हिला वाटलं दिवाळीचा व्हिडिओ काढतोय. हिनं डोक्यावरचा पदर नीट करून हसत नाव सांगितलं. ती होती डिजिटल सहीची पडताळणी. ओवाळणीच्या ताटात त्यानं नोट टाकली आणि त्याच पाटावर बसून बहिणीचं नाव खिशात घातलं.

बँकेला पत्र दिलं. उत्तर आलं की खातं बाईचंच, पगार नियमित जमा होतो आणि मोबाईलवरून लगेच दुसरीकडे वळतो. त्या मोबाईलचं सिमही बाईच्याच नावावर निघालं. बाईकडे फोनच नव्हता.

समजपत्र पाठवून गुरुजींना ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचे कपडे, खिशाला पेन. बहिणीला समोर पाहून चपापले, पण क्षणभरच. नंतर त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली.

‘‘साहेब, कंपनीची रीतसर नोंदणी आहे. संचालकाला पगार देणं हा गुन्हा आहे का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘पगार पोचतो कुणाला?’’

‘‘बाईला. तिच्या खात्यात जातो. पुढं ती काय करते तो तिचा प्रश्न.’’

चोरापेक्षा मला अशा माणसाचा संताप येतो. चोर निदान मान खाली घालतो. मी जमादाराला खूण केली. त्यानं ठाण्याच्या फोनवरून तो नंबर लावला.

गुरुजींच्या शर्टाच्या खिशात रिंग वाजली. त्यांनी खिशावर हात दाबून धरला. रिंग वाजतच राहिली.

बाई आधी त्या खिशाकडे आणि मग भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, ‘‘उचल ना, बापू. मलेच आला असंन थो फोन.’’

गुरुजींचं अवसान गळालं. आता फक्त बाईचा जबाब हवा होता. ‘शेताचे कागद सांगून सह्या घेतल्या’ एवढं एक वाक्य. जमादार पेन काढून बसला. आणि भावानं वाकून बहिणीचे पाय धरले.

‘‘बाई, माही नोकरी जाईन. मंग तुले माहेर कोनाचं राहीन?’’

बाईनं पाणी मागितलं, पिऊन ग्लास खाली ठेवला. ‘‘लिहा साहेब. सही मीच देल्ली. त्यानं समदं वाचून दाखोलं होतं.’’

‘‘ताई, खोटं बोलताय तुम्ही!’’ मी म्हणालो. ‘‘मानधन कायमचं जाईल.’’

‘‘मजुरी हाय ना, साहेब. माहेर एकच हाय.’’

पुढं मी काय करणार? फसवली गेलेलीच म्हणते फसवलं नाही. अर्ज निकाली निघाला. मी शाळेच्या संस्थेला पत्र पाठवलं. उत्तर आलं, ‘सदर शिक्षकाच्या नावावर कोणताही व्यवसाय नाही.’ शंभर टक्के खरं होतं ते. गुरुजींनी बहिणीचं नाव काढून तिथं सासूचं घातलं. तहसीलनं बाईला नव्यानं अर्ज करायला सांगितलं, आणि मी असेपर्यंत तरी तो मंजूर झाला नव्हता.

दरोडेखोर दार तोडून येतो, म्हणून त्याच्यासाठी कायदा आहे. पाटावर बसून कपाळाला कुंकू लावून घेणाऱ्यासाठी कायदा असून उपयोग नाही, कारण त्याच्या विरुद्धची साक्षीदारच त्याला ओवाळत असते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत शिकलो ते हेच, आणि शिकून आनंद झाला नाही.

पुढच्या भाऊबीजेला शेलूबाजारला आमचा बंदोबस्त होता. ऊन उतरलं होतं. स्टँडवर बाई दिसली, हातात पिशवी, पिशवीतून ताटाची कड वर आलेली. मी विचारलं, ‘‘झाली का भाऊबीज?’’

‘‘थो घरी नाही म्हने वहिनी. दारातूनच सांगतलं.’’ मग ताटाची कड पिशवीत ढकलत म्हणाली, ‘‘गाडी अंगनातच होती त्याची.’’

तीच माझी समजूत घालू लागली. ‘‘भाऊ नसला का बाया चंद्राले ओवाळतात ना, साहेब. मी बी तसंच करीन.’’

इंझोरीकडची जीप भरून निघाली होती. मी शिट्टी मारून ती थांबवली, पुढच्या सीटवरच्या माणसाला मागं पाठवलं आणि बाईला तिथं बसवलं. त्या प्रकरणात माझ्या हातून झालेली कारवाई एवढीच.