पायाकडची दोरी

आमच्या पोर्टकार्नमध्ये, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या या कोळ्यांच्या गावात, शवपेटी कबरीत उतरवायला आठ दोऱ्या असतात. पहिली डोक्याकडची, ती थोरल्या मुलाची. दुसरी पायाकडची. बाकीच्या नात्यातल्या मानाप्रमाणे. कुणाला कुठली द्यायची ते घरचा कर्ता पुरुष ठरवतो आणि त्यात चुकला, तर दोन घरांचं बोलणं पिढीभर बंद होतं. बायकांना तेव्हा दोरी नसे. त्या घरी थांबून दफनानंतरच्या जेवणासाठी पावाला लोणी लावत.

इझोबेल मेअर ही मासळीबाजाराच्या कचेरीत टायपिस्ट. वडिलांची एकुलती एक. ते गेले तेव्हा ती काकांकडे गेली. वॉटीकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, बोटीचे मालक आणि चर्चच्या कारभारातलं वजनदार माणूस.

"काका, बाबांची पहिली दोरी मी धरणार."

"हॅम कापून झालं का?"

"झालं."

"मग सूप ढवळ. खाली लागेल."

पहिली दोरी काकांनीच धरली. इझोबेलने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. दफनभूमी टेकडीवर असल्यामुळे आमच्याकडे सगळ्यांच्याच खिडक्यांतून दिसतं.

त्याच हिवाळ्यात तिने कादंबरी लिहायला घेतली. रात्रीची जेवणं झाली की टेबल पुसायचं आणि त्यावर टाइपरायटर ठेवायचा. कादंबरीत एक धर्मभीरू बोटमालक सख्ख्या भावाचा खून करतो, मृताची मुलगी त्याला पकडून देते आणि शेवटी बापाची पहिली दोरी तीच धरते. एडिंबराच्या प्रकाशकाने पुस्तक छापलं. लंडनच्या एका वर्तमानपत्राला त्यात मृत्यूविषयीचं खोल चिंतन आढळलं. गावाने ते नातेवाईक ओळखत ओळखत वाचलं.

बेकरीतल्या जीनने गावाचा अभिप्राय तिला तोंडावर सांगितला. "खून पटला गं. वॉटीच्या हातून होण्यासारखाच आहे. पण मुलीच्या हातात पहिली दोरी? इतकं खोटं लिहू नये माणसाने."

काकांनी बोलणं टाकलं. चर्चमध्ये ते तिच्या पुढच्याच बाकावर बसत, त्यामुळे त्यांची मान तिला चांगलीच पाठ झाली. ती लिहीत राहिली, नोकरी सोडण्याइतकी पुस्तकं खपू लागली. प्रत्येकात एक दफन असे आणि प्रत्येक दफनात कुणा बाईच्या हातात दोरी. दरम्यान गावातल्या इतर घरांनी बायकांना दोऱ्या द्यायला सुरुवात केली. मेअरांच्या घरात मात्र कर्ते अजून वॉटीकाकाच होते.

मग एका सकाळी काकांचा मुलगा डॉड दारात आला. टोपी हातात, पाय उंबऱ्याबाहेर.

"बाबांनी बोलावलंय. दोऱ्या वाटतायत."

"जिवंतपणी?"

"माझ्यावर सोपवलं तर घोळ होईल म्हणतात."

काका उशांना टेकून बसले होते. इतक्या वर्षांनी बोलायचं, तर काही प्रस्तावना करावी, असं त्यांना वाटलं नाही.

"तुझी सगळी वाचली. तुझी काकू चर्चच्या जुन्या बाजारातून आणायची. नवी विकत घ्यायला माझा विरोध होता."

"कशी वाटली?"

"पहिल्या पुस्तकात मला खुनी केलंस."

"ते तुम्ही नव्हे, काका."

"मग त्याच्या बोटीला माझ्या बोटीचं नाव कसं?"

"दुसरं सुचलं नाही."

काका हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले. "दुसरी घे. पायाकडची. पहिली डॉडची आहे, ती मागू नकोस."

"दुसरीच का?"

"माझ्या डोळ्यांसमोर राहशील."

इझोबेल उठली नाही. "बाबांची मला द्यायला हवी होती."

काका खिडकीबाहेर टेकडीकडे पाहत राहिले. "हो," ते म्हणाले, "हवी होती." आणि जरा वेळाने, "त्या दिवशी हॅम कुणाला तरी कापायला सांगून ये."

काकांच्या दफनाच्या दिवशी समुद्रावरून बोचरा वारा होता. सुताराने, आमच्याकडे पेटी करणारा तोच दफनाचं सगळं सांभाळतो, "दोन नंबर" म्हणून पुकारलं. इझोबेल पुढे झाली. काही म्हाताऱ्यांनी तेवढ्यापुरतं क्षितिजाकडे पाहून घेतलं. तिच्या सगळ्या कादंबऱ्यांत दोरी तळहात कापत जाते. प्रत्यक्षात आठ जणांत भार वाटला जातो. दोरी हलकी होती.

हॅम डॉडच्या जावयाने कापलं होतं. जाड कापलं होतं, पण सगळ्यांनी खाल्लं.

तिच्या पुढच्या कादंबरीत खून दोन आहेत, दफन एकही नाही. लंडनच्या वर्तमानपत्राला ती जरा उथळ वाटली.