सरांची निळी बादली

शिष्याचं लग्न चुकवून त्याने खणलेला खड्डा बघायला जाणारा प्राध्यापक साऱ्या मराठवाड्यात एकच, आमचे कॉलेजातले राष्ट्रीय सेवा योजनेचे सर. शिकवायचे भूगोल, पण जीव अडकला होता शोषखड्ड्यांत. लासूर स्टेशनजवळच्या एका गावात दरवर्षी आमचं सात दिवसांचं शिबिर असे. प्रत्येकाने एका घरामागे खड्डा खणायचा, तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू घालायची, म्हणजे मोरीचं पाणी गल्लीत न येता जमिनीत जिरतं. भाषणं नाहीत, बॅनर नाही, झाडू धरलेले फोटो तर मुळीच नाहीत. "फोटोत सगळेच खड्डे चांगले दिसतात," सर म्हणायचे. परीक्षा एकच. गुलमंडीच्या बाजारात घेतलेली त्यांची निळी बादली भरून खड्ड्यात ओतायची आणि बघत उभं राहायचं. ही परीक्षा शिबिराबरोबर संपतही नसे. दरवर्षी दिवाळीनंतर ती बादली स्कूटरला अडकवून सर सगळे जुने खड्डे तपासत फिरायचे. माझ्या एका मित्राला ऐन साखरपुड्यात त्यांचा फोन आला, "अभिनंदन. वाळू कमी टाकली होती ना?"

माझा खड्डा एकट्या राहणाऱ्या एका मावशीच्या घरामागे होता. शेवटच्या दिवशी दगड वाहायचा कंटाळा आला आणि मी उपसलेली काळी मातीच परत आत लोटली, वर शोभेपुरते दगड रचले. प्रमाणपत्र मिळालं. पुढे शेंद्र्याला कंपनीत लागलो, तरी दिवाळी झाली की सरांच्या फोनची धास्ती असायची. सरांच्या मनातून उतरणं मला सोसलं नसतं. पण दरवर्षी सर घरी यायचे ते पेरूंची पिशवी घेऊन. "तुझ्या मावशीनं पाठवलेत. खड्डा बघायचा राहिला बघ, आजबी नळ आला नव्हता." अकरा वर्षं, सर गावात पोचले की नेमका त्याच घरचा नळ जायचा. मी देवाचे आभार मानून पेरू खायचो.

बाराव्या वर्षी मात्र फोन आला, "रविवारी मोकळा आहे का? मी पाणी घरूनच घेऊन चाललोय." आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या आमच्या शहरातून कॅन भरून आम्ही निघालो. स्कूटरवर पुढे मी, मागे कॅन कवटाळून निवृत्त सर. बादली ओतली. पाणी होतं तिथंच राहिलं.

मी कबुली द्यायला तोंड उघडणार, तोच मावशी पुढे झाली. "सर, त्याला काय बोलू नका. खणताना लेकराच्या हाताला फोड आले व्हते. नापास कसं होऊ देऊ? मोरीचं पाणी मी बादलीनं नेऊन टाकते की पेरूला."

अकरा वर्षं, रोज. मी फावडं उचललं. दिवसभर मी खड्डा उपसला, दगड वाहिले. सर बाजेवर बसून "आणखी एक थर" म्हणत राहिले. संध्याकाळी पुन्हा बादली ओतली आणि पाणी बघता बघता जिरलं.

परतताना मी म्हणालो, "सर, मी फसवलं तुम्हाला."

"पहिल्याच वर्षी कळलं होतं. शेजारचा नळ धो धो चालू होता की. पण मावशी इतक्या मनापासून खोटं बोलत होती, मला तिचा शब्द मोडवेना. यंदा तिला बादली उचलवेना, म्हणून तुला आणलं."

आता सरांनाही स्कूटर झेपत नाही. निळी बादली माझ्याकडे असते. परवा गेलो, तर मावशी सवयीनं म्हणाली, "आज नळ नाय आला बरं का." मी हसलो, शेजारून बादली भरून आणली आणि पेरूला घातली.