स्वतःच्या रजेवरची टिपणी

“कसं काय, भाऊसाहेब?” असं विचारलं की ते समोरच्या नोंदवहीवर हलकी थाप मारत आणि म्हणत, “बरं हाय, साहेब. रजा शिल्लक हाय.”

विद्यापीठाच्या आमच्या कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक होते आणि मी त्यांचा अधिकारी. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कुणाची किती रजा उरली, हे त्या त्या माणसापेक्षा यालाच जास्त ठाऊक. नव्या पोरांना ते सांगत, “पगार वेळंवर, आजारपणाला रजा, म्हातारपणाला आधार. अजून काय पायजे?” परीक्षा आल्या की याच नोकरीत रविवारही आपला राहत नाही, हे मात्र ते सांगत नसत.

प्रत्येक रजेच्या अर्जावर आधी त्यांनी टिपणी लिहायची, मग मी सही करायची, अशी आमची पद्धत. एका शिपायाने मेहुणीच्या लग्नासाठी रजा मागितली, तेव्हा त्यांनी सरळ लिहून टाकलं, ‘सदर मेहुणीचे लग्न गतवर्षीही झाले आहे.’ आम्ही आठवडाभर हसत होतो.

एकदा त्यांचाच अर्ज आला. वहिनींना चक्कर येत होती, हात बधिर पडत होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या होत्या. पंधरा दिवस हवे होते. दिवस परीक्षांचे. त्या अर्जावरही टिपणी त्यांनीच लिहिली, ‘परीक्षा कालावधी असल्याने रजा मंजूर करणे उचित होणार नाही.’

हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी गठ्ठा मोठा होता, आणि त्यांची टिपणी असली की मी डोळे झाकून सही करायचो. तशीच केली आणि रजा नामंजूर झाली. ते टेबलापाशी जरा वेळ उभे राहिले. मी मान वर केली नाही.

निकालाच्या आठवड्यात वहिनींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. भाऊसाहेबांनी मग रजा मागितलीच नाही, मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

मागच्या महिन्यात मी लोहाऱ्याला त्यांच्या घरी गेलो. ते वहिनींना पेज भरवत होते. मी कसाबसा म्हणालो, “भाऊसाहेब, मी ती टिपणी वाचायला हवी होती. चुकलं माझं.”

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“नियमानं तसंच लिवावं लागतं, साहेब,” ते म्हणाले. “पर तुमी खोडाल, असं वाटलं हुतं.”

मग त्यांनी रुमालाने वहिनींची हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा फुंकायला घेतला.