राखाडी बाजू

“ही बाजू मी अजून पाहिलेली नाही,” असं ते म्हणत आणि हातातलं वीतभर इंजिन उलट फिरवून आपल्यापुढे धरत. एका अंगाला निळा रंग, पिवळा पट्टा, खिडकीखाली ओघळलेलं तेल, वर बसलेली धूळ. बोट लावलं तर काळं होईल असं वाटावं. दुसऱ्या अंगाला नुसता राखाडी रंग, खऱ्या रंगाच्या आधी देतात तो अस्तराचा हात. त्यावर ना आकडा, ना पट्टा. पाहुणा गोंधळून एकदा इंजिनाकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. ते शांतपणे इंजिन फळीवर ठेवत, रंगवलेली बाजू खोलीकडे, राखाडी भिंतीकडे.

तुम्हीही छंदिष्ट माणसं पाहिली असतील. त्यांचं वेड आपल्याला नसलं तरी साधारण समजतं. यांचं मला समजलं नाही. लिहिताना समजेल अशा आशेने लिहायला बसले आहे, पण खात्री नाही.

लखनौच्या एका संशोधन संस्थेत ते गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत. मी तिथल्या ग्रंथालयात. परदेशी नियतकालिकं जाड पुठ्ठ्यात बांधून येत. एके दिवशी हा उंच, किंचित वाकलेला गृहस्थ टेबलाशी आला आणि मराठीत म्हणाला, “बाई, तो पुठ्ठा टाकू नका हं.” मला वाटलं, घरात सामान बांधाबांध चालली असेल. महिनाभराने पुन्हा तेच. तेव्हा विचारलं, “बदली झाली का हो?” ते म्हणाले, “छे. मालगाडीचे चार डबे व्हायचेत.”

सरोजिनी नगरात त्यांचं घर होतं. मागच्या गच्चीवरून कानपूरची लाइन दिसे. सिग्नल मिळेपर्यंत मालगाड्या तिथे थांबत, आणि ते कठड्याला टेकून बघत. फोटो काढत नसत. बघायचं, आत यायचं, रंग घोटायचा, पुन्हा बाहेर जाऊन बघायचं. गाडी निघून गेलेली असली तर आठवायचं. एकेका डब्याला दोन-दोन महिने लागत. दिवसभर तांबेरा, संध्याकाळभर गंज. वहिनी म्हणत, “सुट्टीच्या दिवशी माझ्या तव्याकडे बघा म्हटलं, तर म्हणाले, त्याचा गंज साधा आहे.”

गच्चीवरून गाडीची एकच बाजू दिसते हे तर खरंच. मी म्हटलं, “पण तेच इंजिन परत येईल ना कानपूरहून?”

“येतं की. पण ते वळून येत नाही, बाई. त्याला दोन्हीकडे तोंडं. जाताना या तोंडाने जातं, येताना त्या तोंडाने येतं. आपल्याकडची कूस तीच राहते.”

“मग लाइन ओलांडून पलीकडून बघा.”

“पलीकडे गोदामाची भिंत आहे. आणि मी पलीकडे जाईन तेव्हा तेच इंजिन कशाला यायला बसलंय?”

संस्थेतले लोक थट्टा करत. त्यांच्याच विभागातला एक तरुण सहकारी एकदा चहाच्या वेळी म्हणाला, “सर, गूगल कर लीजिए ना. हर इंजन की दोनों साइड मिल जाएगी.” ते बिस्किट बुडवत म्हणाले, “मिल जाएगी भाई. पर वो फोटो खींचने वाले ने देखी है।”  

एकदा मी, ते आणि वहिनी अमीनाबादला साडी घेऊन ऑटोने परतत होतो. चारबाग स्टेशनच्या अलीकडे पुलावर ऑटो अडकली. खाली एक इंजिन उभं होतं. हे एकदम ओरडले, “भैया, रोको, रोको!” ऑटो थांबलेलीच होती. ते उतरले, कठड्यापाशी पळाले आणि पाय उंचावून बघत राहिले. मागे हॉर्न. ऑटोवाला म्हणाला, “माताजी, साहब की कोई गाड़ी छूट गई क्या?” वहिनी म्हणाल्या, “हाँ, नीले रंग की.” मग माझ्याकडे वळून, “आमच्या लग्नाला येताना एवढे धावले नव्हते गं.” ते परत आले तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झालेला. “विश्वकर्मा पूजेचा शेंदूर आहे दाराशी. पाच बोटं. हे मला घरी बसून सुचलं असतं का?” घरी उतरताना त्या नादात साडी ऑटोतच राहिली.

माझे वडील साताऱ्यात वारले तेव्हा मी वेळेवर पोचले नाही. परत आल्यावर बरेच दिवस मी कुणाशी बोलत नव्हते. एका रविवारी त्यांनी फोन केला, “या, रंग घोटायला माणूस हवंय.” मी गेले. त्यांनी वाटी आणि काडी दिली. काळा थोडा, पांढरा जास्त. मी ढवळत बसले. कुणी सांत्वन केलं नाही. संध्याकाळी मी विचारलं, “ही राखाडी बाजू अशीच राहिली तर?”

“राहू दे.”

“पण मग ते अर्धंच ना?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “जेवढं पाहिलं तेवढं पूर्ण आहे,” म्हणाले. मी मान डोलावली. समजल्यासारखी.

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी गच्चीवर चहा पीत होते, कप खाली ठेवला आणि संपलं. वहिनी आत पोहे परतत होत्या.

घर सोडायचं ठरलं. मुलगी मुक्ता पुण्यात नोकरी करते, ती आईला न्यायला आली. लखनौतच वाढलेली, मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. संस्थेच्या संचालकांनी इंजिनं मागितली होती. दालनाच्या मधोमध काचेची पेटी करणार, चारी बाजूंनी दिसेल अशी. मुक्ताला तिथेच अडचण वाटली. “मौसी, लोग क्या समझेंगे? कि पापा ने सब आधा छोड़ दिया. पापा ने कभी कुछ आधा नहीं छोड़ा.” तिचे डोळे भरून आले होते. तिचं म्हणणं मला पटलं. मग वहिनी म्हणाल्या, “त्यांना चाललं असतं का गं पण? तू बसायचीस त्यांच्याजवळ. तू सांग.” त्यांचंही पटलं. मी खरं तेच सांगितलं, मला कळत नाही.

शेवटी असं ठरलं की एकच इंजिन करून बघावं. आवडलं तर बाकीची. अमीनाबादच्या गल्लीत पाट्या रंगवणारे एक वयस्क पेंटर मुक्ताने शोधले. त्यांनी इंजिन दोन्ही हातांत घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “माशाअल्लाह. किसका हाथ है?” मुक्ताने सांगितलं. “तो बिटिया, इत्मीनान रखिए. शर्मिंदा नहीं करूँगा।”

त्यांनी आम्हाला शरमिंदं केलं नाही. दोन आठवड्यांनी मलमलीत गुंडाळून इंजिन आणलं आणि जेवणाच्या टेबलावर उभं केलं. एका बाजूला निळा रंग, पिवळा पट्टा, खिडकीखाली तेलाचा ओघळ, कोपऱ्यात पत्र्याचं ठिगळ, त्याच्या कडेने गंज. दुसऱ्या बाजूला निळा रंग, पिवळा पट्टा, खिडकीखाली तेलाचा ओघळ, कोपऱ्यात ठिगळ, त्याच्या कडेने गंज. “चमक एक-सी रहे, इसलिए ऊपर से दोनों तरफ़ वार्निश भी कर दी,” ते म्हणाले. “अब कोई फ़र्क निकाल के दिखाए।”

मुक्ताने टाळी वाजवली. “आई, देखो तो!”

वहिनींनी चष्मा लावला. इंजिन खिडकीशी नेलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्याजवळ आणून हळूच विचारलं, “यातली ह्यांची कुठली गं?”

मी पाहिलं. ओघळ पाहिले, ठिगळं पाहिली, गंजाचा कण न् कण पाहिला. ते इंजिन होत असताना मी चार-पाच रविवार त्या टेबलाशी बसले होते. मी एका बाजूवर बोट ठेवलं आणि उचललं. “मुक्ता, तू बघ.” मुक्ताने बघितलं आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“चाचा,” ती म्हणाली, “पापा वाली कौन-सी है?”

पेंटर हसले. “लीजिए, ये भी कोई पूछने की बात है?” त्यांनी इंजिन घेतलं. “ये रही.” मग थांबले. फिरवलं. उजेडाकडे धरलं, नाकाशी नेऊन हुंगलं, पुन्हा फिरवलं. “नहीं... रुकिए।” मान खाजवली. “कल तक मालूम था, बिटिया।”

 ते घाबरेघुबरे होऊन वहिनींकडे वळले. “कोई कमी रह गई, बहन जी?”

“नहीं भैया,” वहिनी म्हणाल्या, “कमी कुछ नहीं है. बैठिए, चाय पीकर जाइए।”

चहा झाला. बाकीच्या इंजिनांचा विषय पेंटरनी काढला नाही, आम्हीही नाही. ते गेल्यावर मुक्ताच म्हणाली, “बाकी वैसे ही रहने दो, आई.” संचालकांना तसं कळवलं. आता ती पेटीत उभी आहेत. पलीकडच्या अंगाने जाणारे लोक क्षणभर थबकतात, कुणाला तरी विचारतात आणि पुढे जातात. मला विचारलं तर मी सांगते, ती बाजू त्यांनी पाहिलेली नव्हती. लोक माझ्याकडे बघत राहतात.

ते एक इंजिन मात्र वहिनी पुण्याला घेऊन गेल्या. निघायच्या दिवशी मी त्यांना सामान बांधायला मदत करत होते. त्या पलंगावर बसल्या होत्या, इंजिन मांडीवर. एका बाजूवरून त्यांनी बोटं फिरवली, खिडकीपासून ठिगळापर्यंत, सावकाश. मग इंजिन वळवलं आणि दुसऱ्या बाजूवरूनही तितक्याच सावकाश फिरवली.