वाडीतल्या पाण्याचा निकाल

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मॅडमनी मला प्रोजेक्ट दिला. जमिनीत मुरलेल्या पाण्यात नायट्रेट किती आहे, ते अतिनील प्रकाशाने मोजायचं. खतातला नत्र पाण्यात विरघळून मुळांपर्यंत पोचतो तो बहुतेक नायट्रेट होऊनच. ठाण्याच्या कॉलेजात यंत्र होतं, मॅडम शिकवायला तयार होत्या. फक्त जमीन नव्हती. मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. आमच्याकडे माती म्हणजे खिडकीतली तुळशीची कुंडी.

मग बिल्डिंगच्या मागची वाडी आठवली. आमची बिल्डिंग ज्यांच्या भातशेतीवर उभी आहे, ते काका-काकी तळमजल्यावरच राहतात. शेती गेली, त्यावर बिल्डिंगा आल्या, त्यातल्या दोन काकांनी स्वतःच बांधल्या. मागे उरलेल्या तुकड्यात काकी पालक, मुळा, लाल माठ लावायच्या. काकांना तिथे पार्किंग हवं होतं. त्यावरून घरात रोजची वाजावाजी, आणि ती जिन्यात सगळ्यांना फुकट ऐकायला मिळायची.

मी परवानगी घेऊन वाडीत प्लास्टिकच्या नळ्या पुरल्या. नळीच्या टोकाला भाजलेल्या मातीचं सच्छिद्र टोपण असतं. वरून मोठ्या सिरिंजने हवा ओढून घेतली की आसपासच्या ओल्या मातीतलं पाणी त्यात झिरपतं. काकी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"अगो पोरी, जमिनीचा रगत काढतंस का?"

"तसंच समजा काकी. तपासायला नेतेय."

"मग मना पन सांग. हे बोलतान, वाडीन गटाराचा पानी येतं, भाजी खाऊ नको. खरा का खोटा, बग एकदा."

संध्याकाळी काकांनी मला जिन्यात गाठलं. "निकाल आधी मला सांगायचा हां." मी म्हटलं, दोघांना एकदमच सांगेन. ते हसले, पण माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. बाटल्या घेऊन मी लॅबमध्ये गेले त्या दिवशी ठाण्याच्या कोर्टात त्यांची जमिनीची तारीख होती. ती आटपून पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची चेन अशा थाटात ते थेट लॅबच्या दारात उभे. "मशीन बघायला आलो," म्हणाले. मॅडमनी त्यांना स्टूल दिलं.

मी आधी पालकाच्या वाफ्यातलं पाणी घेतलं. क्वार्ट्झच्या चौकोनी नळीत भरलं, कारण साधी काच हा प्रकाश स्वतःच गिळून टाकते. यंत्रात ठेवलं. नायट्रेट जो प्रकाश शोषतं त्या तरंगलांबीवर आकडा आला तो भलताच मोठा. जितका प्रकाश शोषला जाईल तितकं नायट्रेट जास्त, आणि गटाराचं पाणी मुरलं तरी नायट्रेट वाढतं, हे काकांना मी आधीच सांगून बसले होते.

"बघा! मी काय म्हणत होतो? गटार!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले आणि लगेच खिशातून मोबाइल काढला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "पाण्याचा रंग बघा."

पाणी गाळलेलं होतं, तरी फिक्या कोऱ्या चहासारखं दिसत होतं. काकी वाफ्यात शेणखत आणि कुजलेला पाला भरपूर घालायच्या, त्याचा अर्क उतरला होता. हा अर्कही तोच प्रकाश शोषतो. म्हणून त्याच पाण्यातून दुसरा, जास्त तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा. तिथे नायट्रेट गप्प बसतं आणि फक्त पाल्याचा अर्क बोलतो. जे येईल त्याची दुप्पट पहिल्या आकड्यातून वजा करायची.

"दुप्पट का?" काकांनी विचारलं. जमिनीच्या व्यवहारांत मुरलेला माणूस, वजाबाकीला हरकत घेणारच.

"कारण हा अर्क पहिल्या ठिकाणी साधारण दुप्पट प्रकाश खातो. अंदाजच आहे, पण कामाचा."

वजाबाकी झाली आणि आकडा चांगलाच खाली आला. शेणखत घातलेल्या वाफ्यात असावं तेवढंच नायट्रेट. काकांनी मोबाइल परत खिशात घातला.

राहिली होती भिंतीजवळच्या नळीची बाटली. तिथे मुळा लावलेला. हे पाणी नितळ होतं. पहिला आकडा मोठा आला. दुसऱ्या प्रकाशात जवळपास काहीच नाही, म्हणजे वजा करायलाही काही नाही. मी क्वार्ट्झची नळी धुऊन पुन्हा भरली, पाणी पातळ करून मोजलं, तेच आलं. हे खरंच नायट्रेट होतं आणि खूप होतं.

"त्या भिंतीपलीकडे काय आहे?" मॅडमनी मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. काकांना ठाऊक होतं.

"गटाराचं चेंबर," ते म्हणाले. "माझ्याच बिल्डिंगचं. मीच उभं राहून बांधून घेतलेलं."

मला वाटलं, आता हे मला गप्प राहायला सांगणार. पण घरी पोचले तर काकांनीच काकींना सगळं सांगून टाकलं होतं. काकी ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. "वाडीन गटाराचा पानी, खराच बोलले! पन गटार कोनाचा?" काकाही हसायला लागले, जरा उशिराने.

त्या आठवड्यात चेंबर उघडलं, तर त्याला भेग होती. डागडुजी झाली. भिंतीलगतचा मुळा काकींनी उपटून टाकला आणि तिथे केळी लावल्या. पार्किंगचा विषय काकांनी तेवढ्यापुरता मिटवला. पुढच्या काही महिन्यांत मी तिथलं पाणी काढत राहिले, आणि प्रत्येक वेळी आकडा थोडा थोडा उतरत गेला. ती आलेखाची रेघ मला अजूनही आवडते.

मग काकींनी हट्टच धरला, मशीन बघायचंच. मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले. त्यांनी यंत्राच्या झाकणाशी डोळे नेले आणि म्हणाल्या, "उजेड कनचा? मना नाय दिसत." आम्हालाही दिसत नाही, असं मॅडमनी सांगितल्यावर त्यांना बरंच बरं वाटलं. बोलता बोलता कळलं, मॅडमचं आजोळ काकींच्या माहेराला लागूनच. मग दोघी सुक्या मासळीवर जे बोलायला लागल्या ते डबे उघडले तरी थांबेनात. उरलेल्या बाटल्या मी एकटीनेच मोजल्या.